टिचकीनं निवडलेला वस्तरा

माझी रोजची दाढी ज्या वस्तऱ्यानं होते, तो मला एका दाढीवाल्या म्हाताऱ्यानं निवडून दिलाय. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सोलापूरच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगात मी वस्तरे धुंडाळतो, घरी आणून घासतो आणि बायकोची बोलणी खातो. त्या दिवशी शिंगाच्या मुठीचा एक चकाचक वस्तरा सापडला. मी खूश! तेवढ्यात शेजारी उकिडवे बसलेले आजोबा म्हणाले, "बघू जरा."

डोक्याला पटका आणि छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. यांना वस्तऱ्यातलं काय कळणार, असं मनात म्हणत मी तो दिला.

त्यांनी पातं कानाजवळ नेऊन नखानं टिचकी मारली. नुसतं 'टक्' झालं. मग ढिगातला एक गंजका वस्तरा उचलून तशीच टिचकी मारली, तर तो घुंगरासारखा वाजला.

"तुमच्या वस्तऱ्यात बारीक चीर हाय. डोळ्याला दिसायची न्हाय, पर गालाला कळंल. ह्यो घ्या. गंज पाठीवरच हाय, धारंला न्हाय."

वस्तरा माझ्याकडं देताना त्यांची बोटं थरथरत होती.

"आजोबा, दुकान होतं का तुमचं?"

"व्हय, होटगीत. चाळीस वर्सं लोकांच्या दाढ्या केल्या की."

"मग ही एवढी दाढी कशी?"

"हात हलाय लागलाय, सोताची करता येत न्हाय," दाढी कुरवाळत ते म्हणाले, "आन् दुसऱ्यानं केलेली आपल्याला पटत न्हाय!"