मामाजींची कपाटातली गावं

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, हार्ड डिस्कला कधी हार्ड डिस्क म्हणाले नाहीत. जिच्यात ज्या गावच्या लग्नांचे फोटो, त्या गावाचं नाव तिला. "बेटा, गिरड कपाटात ठेव आन् अल्लीपूर लाव," असं ते मला सांगत, तेव्हा घरी आलेला पाहुणा आमच्या तोंडाकडे बघत राही.

वर्ध्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद केल्यावर त्यांनी सगळे फोटो घरी आणून कॉम्प्युटरवर त्यांचा कॅटलॉग केला. त्यात प्रत्येक फोटो नखाएवढा दिसे, आणि मूळ फोटो कुठल्या डिस्कवर आहे तेही कळे. ताकीद एकच. "फोटो हलवाचा असन तं कॅटलॉगातूनच हलवजो. परस्पर हलवला तं त्याचा पत्ता लागत नाई."

एका दुपारी अल्लीपूरहून शोभाताई आल्या. भाजीपाला पिकवणारं घर. नवरा नुकताच गेलेला, आणि त्याचा फोटो आधार कार्डावरचा तेवढा.

"पुतणीच्या लग्नात तुमीच फोटो काढले होते भाऊ. त्यात असतीन काय हे?"

मामाजींनी कॅटलॉगात शोधलं. पंगतीत वाढता वाढता कुणाकडे तरी बघून हसणारा माणूस पडद्यावर आला. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. मोठा फोटो काढण्यासाठी मामाजींनी अल्लीपूरची डिस्क जोडली. ती आतून टकटक वाजली, पण उघडली नाही. त्या लग्नाची दुसरी प्रत काढायची राहून गेली होती.

"ताई, चूक माही आहे," मामाजी म्हणाले. "मले थोडा वखत द्या."

डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एसटीनं नागपूरला गेले. दुरुस्तीवाल्यानं फोटो बाहेर काढले, पण फायलींची नावं पुसली गेली होती. कॅटलॉगला एकही ओळखू येईना. मग मामाजी रोज बसून एकेक फोटो कॅटलॉगातल्या नखाएवढ्या फोटोंशी ताडून पाहत आणि पुन्हा जोडून देत. शेवटी शोभाताईंचा सापडला. तो मोठा करून ते स्वतः अल्लीपूरला घेऊन गेले. शोभाताई फोटोकडे बघत म्हणाल्या, "असेच हासत." मग डोळे पुसून त्यांनी मामाजींना जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी मामाजी पुन्हा कॉम्प्युटरपुढे. "आता कशाला डोळे शिणवता?" मी विचारलं.

"बाकीच्याइच्या घरी बी मानसं आहेत ना."

पुढे काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. मग फोटोत काय दिसतं ते मी सांगायची, ते माणसं ओळखायचे, आणि मी नावं टाईप करायची. ते जायच्या आधीच्या दिवाळीत असंच बसलो असताना सासूबाईंचा फोटो समोर आला. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या.

"आई आहेत. अंगणात उभ्या, केस ओले, कॅमेऱ्याकडे रागानं बघताहेत."

मामाजी हसले. "म्हने, असे फोटो नका काढू, लोकं पाह्यतीन."

"खाली काय लिहू? आई?"

"नाव लिव तिचं. सुमन."

अभय म्हणजे माझा नवरा; घरात सासूबाईंचा विषय निघाला की ते कायम 'अभयची माय' म्हणत. हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी टाईप केलं.

"वाचून दाखव."

"सुमन," मी वाचलं.

"आनखी एकडाव," मामाजी म्हणाले.