कॅमेऱ्याची मान

ह्यांचा हात अलीकडे थरथरतो, फोटो हलतात, म्हणून त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉडचं डोकं घ्यायला गेलो. हो, त्यालाही डोकंच म्हणतात!

दुकानदार म्हणाला, "काकू, हे गोळ्याचं घ्या. एका स्क्रूवर हवं तिकडे फिरतं."

"फिरलेलं डोकं घरात आहे एक," मी म्हटलं.

त्याने ह्यांचा कॅमेरा त्यावर बसवून स्क्रू सैल केला मात्र, कॅमेऱ्याने एकदम मान टाकली. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, कॅमेरा आहे तो, मी नाही," हे हसले.

हसण्यासारखं काय त्यात? जपलेलं माणूससुद्धा कुठल्या एवढ्याशा स्क्रूवर उभं असतं, कुणाला ठाऊक!

मी तीन दांड्यांचं, हळूहळू वळणारं डोकं निवडलं. ह्यांनी कॅमेऱ्याखालची प्लेट त्यात सरकवली. टक्‌ वाजलं.

"बसली बघ," म्हणाले.

मी मात्र खाली ओंजळ धरून उभीच.