अखिलचं विमान सरळ जाईना

जळगावात मेलेला लॅपटॉप जिवंत करायचा असेल, तर शेवटचा पत्ता जीवरामभाऊंचा. गोलाणी मार्केटमधले भलेभले कारागीर थकले, की ते बोर्ड पिशवीत घालून मुकाट्यानं भाऊंच्या घराखालच्या दुकानात येतात. तिळाएवढी आयसी भिंगाखाली उचलायची आणि तिथंच दुसरी बसवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. हाताला यश असतं म्हणतात ना, ते भाऊंच्या हाताला होतं. बाकी होतं काय त्यांच्याकडे? शिक्षण जेमतेम, बोलणं फटकळ, मूलबाळ नाही. हात तेवढा होता, आणि त्यावरच घर चाललं होतं.

होळीनंतर अखिल आला. कापड दुकानदार, मारवाडी, पंचेचाळिशीचा गृहस्थ. पण एकेकाळी, भाऊ कॉम्प्युटर क्लास चालवायचे तेव्हा, त्यातलं सगळ्यात उनाड कार्टं. म्हणाला, "सर, आपल्या क्लासमधला तो विमानाचा खेळ आठवतो? काळ्या पडद्यावर नाव टाइप करून चालू करायचो तो?" खेळ त्यानं कुठूनसा मिळवला होता, नवी कोरी जॉयस्टिकही घेतली होती. पण खेळाचं आणि जॉयस्टिकचं काही केल्या जमत नव्हतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा एकदा उडवावंसं वाटतं म्हणे.

"ठेवून जा," भाऊ म्हणाले. मनातून खूश झाले होते, पण ते दाखवतील तर भाऊ कसले.

काम वाटतं तेवढं सरळ नव्हतं. तेव्हाची जॉयस्टिक पंधरा पिनांच्या सॉकेटात बसायची, आताची यूएसबीची. डॉसच्या जमान्यातल्या खेळाला यूएसबी कशाशी खातात ते माहीत नाही. म्हणून मध्ये एक प्रोग्राम टाकावा लागतो, जो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. भाऊंनी तो टाकला, त्याच्या फायलीत दोन ओळी बदलल्या, आणि तासाभरात विमान धावपट्टीवर उभं राहिलं. आता खेळाला जॉयस्टिकच्या दांड्याची ओळख करून द्यायची. दांडा वर डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. खाली उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. मधे आणून परत दाबा. शेंबडं पोरही करील.

भाऊंनी केलं. विमान उडालं, आणि उडाल्या उडाल्या त्याचे पंख थरथरायला लागले. मग ते एका बाजूला कललं आणि जाऊन शेतात पडलं. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच.

"हल्लीचा माल सगळा असलाच," भाऊ करवादले.

त्यांची पद्धत ठरलेली. दोष दिसत नसेल तर एकेक वस्तू बदलत जायचं. जी बदलल्यावर चालू होईल, तिच्यात दोष. त्यांनी जॉयस्टिक बदलून आणली. मग दुसऱ्या कंपनीची आणली. यूएसबीचं भोक बदललं, कॉम्प्युटर बदलला, तो सोंगाड्या प्रोग्राम काढून त्याची जुनी आवृत्ती टाकली. विमान शेतातच. गंमत म्हणजे दांडा सोडून दिला की ते शहाण्यासारखं सरळ जाई. भाऊ म्हणत, धरला की आतला संपर्क हलतो, लूज कॉन्टॅक्ट आहे. अहो, तिन्ही जॉयस्टिकमध्ये एकच लूज कॉन्टॅक्ट? पण माणसाला जे पाहायचं नसतं ते त्याला भिंगातूनही दिसत नाही. त्याच महिन्यात त्यांनी सोल्डरिंगचे दोन बिट बदलले होते, भिंगाचा स्टँड बदलला होता. दोन चांगली बोर्डं हातची गेली होती, तो दोष नकली आयसीच्या माथी मारून मोकळे झाले होते.

आठ दिवसांनी अखिल डोकावला. भाऊ तक्रार सांगत होते तेवढ्यात तो खुर्चीत बसला, तीन वेळा बटण दाबलं आणि विमान उडवलं. ते वर गेलं, नदी ओलांडली, वळलं, परत सरळ झालं. पंख जागचे हलले नाहीत.

"चालतंय की सर. काय केलंत?"

 आठ दिवसांत भाऊंचं सगळं बदलून झालं होतं. एकच वस्तू बदलायची राहिली होती, आणि ती अखिलनं आत्ता बदलली होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर मारली होती.

"सेटिंग होतं जरा," ते म्हणाले. "संध्याकाळी घेऊन जा."

अखिल गेल्यावर त्यांनी उजवा हात पुढे धरून पाहिला. गावी पहूरला त्यांच्या वडिलांचं, आबांचं, हात थरथरणं असंच सुरू झालं होतं, साठीच्या आसपास. भाऊंना अठ्ठावन्न पूर्ण झालेली. 

त्या प्रोग्राममध्ये एक आकडा असतो. दांडा एवढा एवढा हलला तरी तो हललाच नाही असं समज, असं सांगणारा. भाऊंनी तो वाढवला. विमान त्यांच्याही हातात सरळ गेलं. घटकाभर त्यांना वाटलं, काही झालेलं नाही आपल्याला.

मग त्याच हातानं त्यांनी धुळ्याचा कारागीर योगराज यानं पाठवलेलं बोर्ड भिंगाखाली घेतलं. भिंगातून सगळं वीसपट मोठं दिसतं. सोल्डरिंगचं टोक आयसीच्या पायांवर कधी इकडे, कधी तिकडे जात होतं. त्यांनी मनगट टेबलावर टेकवलं, श्वास धरला, डाव्या हातानं उजवा धरला. टोक थांबेना. त्यांनी ते बोर्डाला लावलंच नाही, स्टँडवर ठेवून दिलं आणि योगराजला फोन केला.

"बोर्ड परत पाठवतो. दुसऱ्या कोणाला दाखव."

"काय व्हयनं भाऊ? मरी गयं का?"

"नाही, बरं होण्यासारखं आहे. मला नाही जमणार."

योगराज हसला. "तुमले जमाव नई, तं कोनले जमी?"

भाऊंनी फोन ठेवला. त्यांची बायको सुलक्षणाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या, सगळं ऐकलं होतं त्यांनी. कप टेबलावर ठेवला. भाऊंनी पाहिलं, कप अर्धाच होता.

"एवढाच?"

"दिवाळीपासून एवढाच देते. भरला की सांडतो तुमच्या हातून."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलू? आज हे बदल, उद्या ते बदल, चाललं होतं तुमचं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "म्हटलं, बदलून होऊ दे सगळं."