पाठीला जमीन

गणपती उठल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी, सकाळी सव्वासात वाजता, मार्केट यार्डातल्या एका हमालाला बागेतल्या मोठ्या हिरवळीवरून शिटी वाजवून उठवण्यात आलं. गुन्हा काय, तर ते उताणे पडले होते.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. शनिवारी यार्ड बंद, म्हणून फिरायला येणाऱ्यांच्या वेळेलाच ते यायचे. चपला कडेला जोडीनं ठेवायचे आणि हिरवळीच्या मधोमध, जिथे वाहनांचा आवाजही विरतो, तिथे सावकाश पाठ टेकायचे. आधी कंबर, मग खांदे, शेवटी डोकं. पंचवीस वर्षं पोती वाहिलेली पाठ एकदम सरळ होत नाही.

"पाठीला जमीन दावायला आलोय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

उठल्यावर दबलेल्या गवतावरून उलट्या दिशेनं तळवा फिरवायचे, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. गवत उभं राहिलं की मगच चपला घालायचे. एवढी रीत त्या बागेत दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही.

एकदा एका निवृत्त गृहस्थांनी जाता जाता विचारलं, "काय हो, आपल्याला झोपायला घर नाही का?"

"हाय की. धा बाय धाचं. मानसं सहा. पाय पसरला की कुनाच्या तरी ताटात जातोय."

गृहस्थांनी पुढची फेरी दुसऱ्या बाजूनं मारली.

माझी आणि या हमालकाकांची ओळख झाली पत्रकामुळे. हिरवळीवर प्रदर्शनांचे मंडप पडत, खड्डे होत. आम्ही काही जण त्याविरुद्ध सह्या गोळा करत होतो. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "वाचून दावा, ताई." मी ठसक्यात वाचलं, 'हिरवळीचा गैरवापर थांबवा!' त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"गवताचं बेस लिवलंय. पन गवतावर बसनाऱ्याचं कुटं हाय?"

"काका, ते पुढच्या पत्रकात घेऊ."

"घ्या बरं का," म्हणाले आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

पुढचं पत्रक आम्ही काढलंच नाही. मंडप बंद झाले, आम्ही पेढे वाटले, फोटो टाकले. मग पाटी लागली, 'हिरवळीवर झोपणे, लोळणे हा गैरवापर समजण्यात येईल.' शब्द आमच्याच पत्रकातला होता. आम्ही तिच्याजवळून रोज गेलो आणि हूं की चूं केलं नाही.

त्या शनिवारी वीस पावलांवर योगवर्ग शवासनात पडलेला होता. मी रखवालदाराला विचारलं, "आणि हे सगळे?"

"ते योगा करतायत, मॅडम."

"काका काय करतायत?"

"झोपलेत."

फरक रंगीत मॅटचा होता, बाकी कशाचा नाही. मी आवाज चढवला. तिकडून आवाज आला, "शांतता राखा, प्लीज." एकानंही डोळे उघडले नाहीत. तोवर काका उठले होते.

"ऱ्हाऊ द्या ताई, त्याचीबी नोकरी हाय." गवतावरून हात फिरवला, चपला घातल्या, गेले. पुन्हा आले नाहीत.

महिन्याभरानं एका शनिवारी मी बंद यार्डात गेले. काका कांद्याच्या पोत्यांवर आडवे होते. मला पाहून हसले. "जलमभर पाठीवर ह्येच, आता पाठीखालीबी ह्येच." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "दुसरा कागद काढला का?"

काढलाय, काका. हाच तो.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, त्या सकाळी डोळे मिटून पडलेल्यांत तुम्ही असाल किंवा नसाल, येत्या शनिवारी सात वाजता मोठ्या हिरवळीवर या. काकांना आणायला मी यार्डात जाणार आहे. मॅट आणू नका. त्यांच्या शेजारी उताणे पडा. शिटी वाजली तरी उठू नका. आणि उठाल तेव्हा गवतावरून हात फिरवा.