काळूराम केणींच्या दोन सह्या

बाळाराम केणी माझ्या वाचनालयात पहिल्यांदा आले ते पुस्तकासाठी नव्हे, अर्जासाठी. केबिन रोडवर साड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत, कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून, मी हे वाचनालय चालवते. लोक मला फुकट अर्ज लिहून देणारी बाई म्हणूनच जास्त ओळखतात. मला ते आवडत नाही. तरी लिहून देते, कारण त्यांनी स्वतः लिहिलेले वाचवत नाहीत.

काशीगावाच्या मागच्या अंगाला आवळपाडा आहे, चाळीसेक आगरी घरांचा. पाड्याचा एक तलाव आहे. सरकारी कागदावर तो ‘तीस वर्षांपासून कोरडा व विनावापर’ होता, आणि बुजवून तिथे ट्रक उभे करायची जागा करायची होती.

“बाई, परवाच माझी म्हैस त्यात बसली व्हती,” बाळाराम म्हणाले. “ती काय कोरड्यात बसली?”

मी हरकत लिहीत होते तोवर त्यांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं. परदेशातल्या एका कारकुनाची गोष्ट होती. सरकार म्हणतं पुरात अकरा मेले, आणि हा गडी चारशे नावं वहीत लिहून बसलेला. काम झालं तरी बाळाराम उठेनात. शेवटी पुस्तक घेऊनच गेले.

तिथून दोन वर्षं त्यांनी फक्त तसलीच पुस्तकं वाचली. एक माणूस, आणि समोर खोटं बोलणारं सरकार. माझ्याकडे अशी तीसेक असतील, त्यांनी सगळी उपसली. वय सदुसष्ट. लहानपणी बापाबरोबर मिठागरात राबले, पुढे उभा जन्म काशीमीऱ्याच्या गॅरेजात ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बसवण्यात गेला. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायचे आणि पुस्तक परत करताना भांडायचे.

“ह्या मानसांना बायको-पोरं कशी न्हाईत, बाई? सगळे एकटेच. एकट्याला काय, तो कोनाशी पन भांडेल.”

“ती कादंबरी आहे. रेशन कार्ड नाही सगळ्यांची नावं लिहायला,” मी म्हणायची.

हरकत दिल्यापासून सात महिन्यांनी ती फेटाळल्याचं पत्र आलं. कारण: ‘तक्रारदार काळूराम केणी हे मयत आहेत.’

काळूराम म्हणजे बाळारामांचे वडील. अठ्ठ्याण्णव साली गेले. पण आवळपाड्यात घर ज्या म्हाताऱ्याच्या नावाने ओळखलं जातं, त्याच्याच नावाने ते पुढे चालतं. पूजेची यादी असो, तलाव उपसायची पाळी असो, लग्नाची पत्रिका असो. तशीच बाळारामांनी अर्जाखाली घराची म्हणून सही ठोकली होती, काळूराम केणी. मी मजकूर तीनदा तपासला होता. सही बघितलीच नव्हती.

“बाप जाऊन इतकी वर्षं झाली तुमचा!” मी ओरडले.

“पन घर त्याचंच हाय ना, बाई.”

मग मी माहितीच्या अधिकारात गावकऱ्यांच्या संमतीची यादी मागवली. कार्यालयाने पाच महिने घातले. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस सह्या. एकोणिसाव्या नंबरावर काळूराम केणी. मेलेल्या माणसाची हरकत चालत नाही, संमती चालते! मी मोठ्यांदा हसले. एक सही खोटी निघाली तर अख्खी यादी रद्द, असा नियम त्याच कागदाच्या तळाशी छापलेला होता. म्हटलं, जिंकलो.

बाळाराम हसले नाहीत. सहीवर बोट ठेवून बसले.

“ही धर्मेशची हाय.”

धर्मेश त्यांचा मुलगा. त्याच कार्यालयाच्या पाण्याच्या टँकरवर कंत्राटी ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच जिना चढून आला.

“बाई, पप्पांच्या डोक्यात हे सगळं तुम्ही भरवलंय.”

“मी पुस्तकं दिली. सही तू केलीस.”

“साहेब बोलले तलावाचं सुशोभीकरण आहे, घराची सही पाहिजे. आमच्यात आजोबांच्या नावाने टाकतात, मी टाकली. आता फोर्जरी बोलतील. टँकरवरून पहिला मी उतरणार. पोरीला, दिशाला, अकरावीला घातलंय, तुम्ही बसणार का तिची फी भरायला?”

मी यादी घडी घालून खणात ठेवली.

यादीविरुद्ध आमचा अर्ज गेलाच होता; त्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी बाळाराम आले. चहा नको म्हणाले.

“लिहा, बाई. दोन्ही सह्या मीच केल्या.”

“हे खोटं आहे.”

“हाय.”

“तीस पुस्तकं वाचलीत. त्यातला एक तरी खोटं बोलला का?”

“त्यांचा पोरगा यादीत न्हवता.”

मी लिहिलं. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकांतली लबाडी लाल शाईने खोडली, आणि इथे स्वच्छ अक्षरात, समास सोडून, खोटं लिहिलं. या खेपेला सही मात्र निरखून बघितली. बाळाराम काळूराम केणी.

सुनावणीला आलेला अधिकारी तरुण होता, बोलायला गोड.

“काका, मयत माणसाच्या नावाने संमतीपण तुम्हीच दिली आणि हरकतपण तुम्हीच घेतली?”

“हो.”

“संमतीवरची सही वेगळी वाटते. हरकतीवरची थरथरलेली आहे.”

“म्हातारपनी हात हलतो, साहेब.”

“पण संमती हरकतीच्या नंतरची आहे. ती तर ठणठणीत आहे.”

“त्या दिवशी बरा व्हतो.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. दाराशी धर्मेश गणवेशात उभा होता, खाली फरशीकडे बघत. अधिकाऱ्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाळारामांकडे. त्याला कळलं होतं. खोलीत सगळ्यांनाच कळलं होतं.

“यात केस होईल, काका.”

“करा.”

यादी रद्द झाली. तीन महिन्यांत नव्याने घरोघर फिरून संमती घ्यायची, असा आदेश निघाला. सोबत बाळारामांवर खोट्या सहीची तक्रार.

बाहेर येऊन ते पायरीवर बसले. गुडघे चोळत राहिले. तीन महिन्यांचं काय अभिनंदन करायचं?

आता ते संध्याकाळी पाड्यात दारोदार जातात. संमती द्या की देऊ नका, सही स्वतःच्या नावाने करा, एवढंच सांगतात. निम्मी घरं ऐकत नाहीत. “मग काय म्हाताऱ्याला घरातून काढू?” रुक्मिणीबाईंनी त्यांना अंगणातच विचारलं. पुन्हा समजावतात. पुन्हा दुसऱ्या दिवशी जातात. मधे महिनाभर माझ्याकडे आले नाहीत. आले तेव्हा नवीन पुस्तक काढून ठेवलं होतं ते नको म्हणाले, डोळे दुखतात म्हणून. थोडा वेळ पंख्याखाली बसले आणि गेले.

दर दुसऱ्या मंगळवारी पोलीस चौकीत हजेरी असते. धर्मेश अजून टँकरवर आहे. बापाशी तो या विषयावर बोलत नाही. मंगळवारी मात्र मोटरसायकलवर त्यांना सोडायला येतो, आणि हेल्मेटही न काढता बाहेर रस्त्यावर थांबतो. आत पाऊल टाकलं तर काय बोलावं लागेल, ते त्याला माहीत आहे.