न दुखणारा पाय

कपडे धुण्याच्या कारखान्यात तिला सगळ्या टाचाबाई म्हणत. सकाळी पाऊल जमिनीला टेकलं की तिच्या तोंडून पहिलं निघे ते "आई गं, टाचा!" इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर उभं राहायचं, तेही झिजून कागद झालेल्या रबरी स्लिपरवर. त्या निसटू नयेत म्हणून बोटं सतत आवळलेली. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड होत. तरी बाई नवीन काही घेईल तर शपथ! चालतंय तोवर चालवायचं, हा तिचा खाक्या, चपलेचाही आणि शरीराचाही.

कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या पिनांनी लावत आणि त्या पिना जमिनीवर सांडत. म्हणून सुटी झाली की सगळ्या बायका दाराशी बसून चपला उलट्या करत आणि तळात रुतलेल्या पिना उपसत. एखादीला टोचली की ती ओरडे, बाकीच्या हसत.

लेकीला नोकरी लागली तशी तिनं आईला दुकानात ओढतच नेलं. मुद्दाम संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, म्हणजे माप नीट बसेल. जाड तळ, मागून पट्टा, मधोमध तळपायाला आधार, असा सँडलचा जोड निवडला. आई दुकानभर फिरून आली.

"अगं, पाय आहेत हेसुद्धा कळत नाही!"

लेकीचा चेहरा फुलला. त्या दिवसापासून टाचाबाईंनी टाचांचं नाव काढलं नाही. सुटीनंतर दाराशी बसणंही सोडलं. "एवढा जाड तळ, मला कुठं काय टोचतंय?" म्हणत त्या तोऱ्यात निघून जात.

एका रविवारी आईच्या पावलांमागे फरशीवर डाग उमटलेले लेकीनं पाहिले. बसवून सँडल काढला. तळातून पिन आरपार आली होती आणि अंगठ्याखालचं मांस काळं पडलं होतं. लेक किंचाळली. आई मात्र शेजारणीचा पाय बघावा तशी बघत राहिली.

डॉक्टरांनी घोट्यापर्यंत सुई टोचून पाहिली. तिला काही कळलं नाही. रक्तात साखर बेसुमार निघाली.

"दुखायचं कधी थांबलं?"

"सँडल आणले तेव्हापासून. हो ना, आई?" लेक म्हणाली.

आईनं मान खाली घातली. "त्याच्या आधीच गं. आधी मुंग्या यायच्या, मग सगळंच थांबलं. टाचांच्या नावानं ओरडायचे ते नुसतं सवयीनं. मला वाटलं, सुटले एकदाची."

"मग दुकानात म्हणालीस ते?"

"तू एवढ्या हौसेनं घेत होतीस. म्हटलं, तुझाच हातगुण म्हणावा."

"तेव्हाच आला असतात, तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि पेन घेऊन गुडघ्याखाली रेघ ओढली.

लेकीला आईचा असा संताप आला की तिला धरून गदागदा हलवावं. पण आईनंच तिचा हात घट्ट धरला होता आणि ती डॉक्टरांना विचारत होती, "दुखेल का हो?"