डावी बाही

निघायला अकरा दिवस उरले होते, तेव्हा माझी बायको स्टुलावरून पडली. दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरचा पितळी डबा काढताना स्टूल सरकलं आणि ती उजव्या हातावर आपटली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लॅस्टर झालं, सहा आठवड्यांचं. परत येताना गाडीत ती हाताबद्दल एक शब्द बोलली नाही. हिंगणघाट मागे पडल्यावर एवढंच म्हणाली, "एक बाही राह्यली."

तिचं माहेर बैतूलकडचं. तिथे थंडी कडक, त्यामुळे विणकाम ती लहानपणापासून शिकलेली. आमच्या वडनेरात स्वेटर घालण्याचे दिवस महिना-दीड महिन्याचे, म्हणून लग्नानंतर सुया पेटीतच पडून होत्या. पण मुलगा नोकरीसाठी डेहराडूनला गेला आणि सुया बाहेर निघाल्या. या दिवाळीला त्याच्याकडे जायचं ठरलं, तेव्हापासून तिचे हात थांबले नव्हते. नातीची कानटोपी झाली, सुनेची शाल झाली. मुलाचं निळं स्वेटर पाठ, पोट, गळा आणि उजव्या बाहीपर्यंत आलं होतं. राहिली होती फक्त डावी बाही.

मी म्हटलं, "बाकीचं नेऊ. त्याचं मागून पाठवजो कुरिअरनं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यायले देऊ आन् त्यालेच नाई? तुम्ही संग असताना? काय समजल तो?"

तो काय समजेल हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात माझी माय गेली. पहाटे गेली. मुलाला कळवलं, तो मिळेल त्या विमानानं निघाला. ऊन वाढत होतं आणि जमलेले लोक म्हणत होते, आता ठेवू नका. दुपारी आम्ही निघालो. तो घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओसरीवर माणसं बसलेली, आणि त्या सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, "आता आला? पाहुण्यासारखा तेराव्यालेच आला असता तरी चाललं असतं." असं का म्हटलं याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. त्यानं बॅगही खाली ठेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो परत गेला. तेव्हापासून फोन फक्त आईला. मी जवळ असलो की ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "बाबा इथंच हाये, देऊ का?" आणि पलीकडून काहीतरी काम निघायचं.

आमच्या गावात विणणारं दुसरं कोणी नाही. हिंगणघाटच्या एक शिक्षिका विणायच्या, त्या सुट्टीत गावी गेल्या होत्या. दोन दिवस बायकोनं ते अपुरं निळं स्वेटर मांडीवर घेऊन नुसती पाहिली. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं सुया माझ्यासमोर ठेवल्या.

"तुम्ही करा."

"मी?"

"तीस वर्षं तार गुंडाळून राह्यले तुम्ही. मोजता येते. बोटं चालतात. अजून काय लागते?"

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी येतात. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. दिवाळीच्या तोंडावर हरभरा-गव्हाची पेरणी येते आणि सगळ्यांना आपली मोटार आजच पाहिजे असते. दुकानात सहा मोटारी उघड्या पडल्या होत्या. तरी मी सुया हातात घेतल्या. नाही म्हणण्याची हिंमत त्या प्लॅस्टरसमोर झाली नाही.

"सुई आत घाला. धागा फिरवा. वढून घ्या. आता जुना टाका सोडा. सोडा म्हटलं ना!"

पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या आणि चारही उसवाव्या लागल्या. माझे टाके इतके घट्ट होते की पुढच्या ओळीला सुईचं टोक आत शिरेना. आमच्या धंद्यात कॉइल ढिली राहिली की मोटार जळते. हात तसाच वळलेला.

"काऊन इतलं आवळता? माणसाच्या अंगात घालाचं हाये ते."

"मले ढिलं जमत नाई."

"मालूम हाये मले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही उसवलं. तिसऱ्या दिवशी एक ओळ सुलट, एक उलट अशी वीतभर पट्टी झाली आणि तिनं ती उसवली नाही. मी ते पिशवीत घालून दुकानात नेऊ लागलो. वार्निश दिलेली मोटार वाळत असताना आतल्या बाजूला स्टुलावर बसून विणायचो. शटर अर्धं ओढून. एकदा एक ओळखीचे शेतकरी वाकून आत आले.

"दादा, मोटार झाली का? आन् हे काय करून राह्यले?"

"घरचं हाये. गुंता झालता, सोडवून राह्यलो." मी सुया लोकरीसकट पाठीमागे ढकलल्या. ते हसले नाहीत. पण ते गेल्यावर पाहिलं तर घाईत सुईवरून सात टाके सुटले होते.

निघायला पाच दिवस असताना माझ्या मोबाईलवर मेसेज आला. चौकातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा. 'काका, तुमचं वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं.'

तिकिटं मुलानं पाठवली होती, असंच मला सांगितलेलं होतं. मग सेंटरवाल्याकडे माझं कोणतं तिकीट? मी घरी गेलो. ती डाव्या हातानं भाजी ढवळत होती. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. तिनं आधी गॅस बंद केला.

"त्यानं माझं एकटीचंच काढलं होतं," ती म्हणाली. "एसीचं. तुमचं मी काढलं. स्लीपरचं भेटलं."

"त्यानं मले बोलावलंच नाई?"

"येऊ नका असं बी नाई म्हटलं."

"मी येऊन राह्यलो हे त्याले मालूम हाये का?"

तिनं गॅस पुन्हा पेटवला. उत्तर मिळालं.

मी पिशवी खुंटीला अडकवली आणि दुकानात निघून गेलो. दोन दिवस विणकामाला हात लावला नाही. बायकोनंही विचारलं नाही. घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं, आणि तिला एका हातानं जे जमत नव्हतं तेही ती मला सांगत नव्हती. वेणी तशीच दोन दिवसांची होती.

त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, जी मी तिलाही कधी सांगितली नव्हती. मायला न्यायला आम्ही उठलो, माणसांनी खांदे पुढे केले, आणि माझ्या खिशातला फोन वाजला. मी काढून पाहिला. मुलाचं नाव होतं. मी तो उचलला नाही. उचलला असता तर तो कुठवर आला ते कळलं असतं, थांबावं लागलं असतं, आणि जमलेल्यांना थांबा म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. फोन वाजून बंद झाला. त्यानं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. नंतर ओसरीवर मी त्याच्यावर ओरडलो तो बहुतेक त्या फोनपायीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर ती पलंगावर बसून विणत होती. उजवी सुई प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांत कशीतरी अडकवलेली. बोटं सुजून चकाकत होती. ओठ दाताखाली दाबले होते.

"दे इकडं."

"राहू द्या. तुमचं काही काम नाई."

"दे म्हटलं ना!" मी जवळजवळ ओढूनच घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणालो, "फोन लाव त्याले. सांग, मी येऊन राह्यलो म्हणून. मी चोरासारखा नाई जाणार."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. हाताचं सांगितलं, एकटीला प्रवास जमणार नाही असं सांगितलं, मग म्हणाली, "बाबा बी येते संग." पलीकडे इतका वेळ काही आवाज आला नाही, की फोन तुटला म्हणून तिनं स्क्रीन पाहिली. मग तो म्हणाला, "बरं." आणि ठेवला.

त्या 'बरं'चा अर्थ आम्ही दोघांनी मनातल्या मनात दहा वेळा लावला असेल. मी मात्र दुकानाचं शटर पूर्ण वर केलं आणि पुढच्या बाजूला, उजेडात बसून विणलं. कोणी विचारलं तर सांगितलं, पोराचं स्वेटर आहे. निघायच्या दिवशी सकाळी शेवटचा टाका बंद झाला. बाही शिवायचं तिनं तोंडी सांगितलं, मी मोठी सुई घेऊन शिवलं. दोन्ही बाह्या पसरून पाहिल्या तर डावी अंगठ्याएवढी आखूड होती आणि दिसायलाच कडक होती. ती म्हणाली, "चालते." मला माहीत होतं, तिच्या हातची असती तर तिनं ती उसवली असती.

नागपूरहून गाडी. ती एका डब्यात, मी दुसऱ्या. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मी उतरून तिच्या डब्याकडे धावायचो, पाण्याची बाटली उघडून द्यायचो, औषधाची गोळी काढून द्यायचो आणि शिट्टीच्या आत परत फिरायचो. दिल्लीला गाडी बदलली. दुसऱ्या दिवशी डेहराडूनला उतरलो तर मुलगा समोर उभा होता. आईचं प्लॅस्टर पाहून त्याचा चेहरा बदलला. त्यानं तिच्या पाया पडून मग माझ्याही पायांना हात लावला, पण मान वर केली नाही. दोन्ही बॅगा उचलून पुढे चालू लागला.

घरी नात टोपी घालून आरशासमोर नाचली. सुनेनं शाल लगेच खांद्यावर घेतली. स्वेटर बायकोनं माझ्या हातात दिलं, "तुम्ही द्या." मी ते दिलं. त्यानं घेतलं, अंगात घातलं. उजवा हात सहज गेला, डावा अडकला. त्यानं ओढून खाली केला.

"आई, ही बाही अशी काऊन आहे?"

"ती तुह्या बाबानं विणली. माहा हात मोडला ना."

तो बाहीकडे पाहत राहिला. मग त्यानं स्वेटर काढलं, घडी घातली आणि आत कपाटात नेऊन ठेवलं. बाहेर येऊन चहा झाला का म्हणून विचारलं, सुनेला.

चार दिवस असेच गेले. लक्ष्मीपूजन झालं, फराळ झाला, नातीनं फुलबाज्या उडवल्या. तो माझ्या ताटाकडे लक्ष ठेवायचा, पोळी संपली की वाढायला सांगायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. स्वेटर कपाटातच होतं. मी रोज सकाळी ठरवायचो, आज बोलायचं, आणि तो दाढी करून ऑफिसचा लॅपटॉप उघडेपर्यंत माझी हिंमत सरून जायची.

पाचव्या दिवशी सकाळी तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता. मी वर गेलो आणि थेट बोललो. थांबलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

"आजीले नेताना तुझा फोन आलता. म्या पाह्यला. उचलला नाई."

त्याच्या हातात ओली चादर होती.

"लोकायनं खांदे लावले होते. थांबा म्हणाची हिंमत झाली नाई. चूक माझी होती आन् बोललो तुले."

"मी जाम गावच्या चौरस्त्यावर होतो, बाबा," तो म्हणाला. "तासभर. फक्त तेवढा."

"हो."

"मला वाटलं गर्दीत ऐकू आला नसेल. दीड वर्षं मी हेच समजत होतो." त्याचा आवाज चढला. "तुम्ही पाहुणा म्हटलं ते मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही फोन पाहिला होता."

मी मान हलवली. त्यानं चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि खाली निघून गेला. मला वाटलं, संपलं. सांगायला नको होतं. त्या दिवशी तो जेवायलाही उशिरा आला. बायकोनं विचारलं, काय झालं. मी तिलाही तेव्हाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले तरी सांगाचं होतं." आणि तोंड फिरवून झोपली.

परतीच्या दिवशी सकाळी तो गाडीनं स्टेशनवर सोडायला आला. गाडी लागायला वेळ होता. बायको आणि सून नातीला घेऊन बाकावर बसल्या. तो माझ्या बाजूला उभा राहिला, रुळांकडे पाहत.

"आजी शेवटी काही बोलली का?"

दीड वर्षात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. आदल्या रात्री तिनं दूध नको म्हटलं, चहा मागितला. चहा दिला तर गोड कमी आहे म्हणून रागावली. मग म्हणाली, पोरगा परीक्षेले गेला का? तिच्या लेखी तो अजून शाळेतच होता. मी म्हटलं, गेला. ती म्हणाली, त्याले डबा देजो. त्यानंतर झोपली.

तो ऐकत होता. "आणखी?" त्यानं विचारलं.

मी आठवून आठवून सांगत गेलो. कोणतं लुगडं नेसली होती, खाट कुठे टाकली होती, खिडकी उघडी होती की बंद. तो मध्येमध्ये विचारत होता. गाडी आली तेव्हा त्यानं आईला तिच्या डब्यात बसवलं आणि मग बॅग घेऊन माझ्या डब्यापर्यंत आला. या वेळी तिकिटं त्यानंच काढली होती. दिवाळीच्या गर्दीत दोन वेगवेगळे डबे मिळाले होते, पण दोन्ही एसीचे.

अजूनही आमचं बोलणं मोजकंच आहे. तो तुटकपणे विचारतो, मी तुटकपणे सांगतो. स्वेटर त्यानं घातलं की नाही हे मी विचारलेलं नाही. परवा बायकोचं प्लॅस्टर निघालं. तो मोबाईलवर तिला म्हणत होता, आधी मूठ उघडझाक कर, जड काही उचलू नको. मग म्हणाला, बाबांना दे, त्यांना सांगतो, तू ऐकणार नाहीस.